शिडाच्या ऐतिहासिक जहाजावर खलाशी म्हणून जायचे असेल तर

'गोटेबोर्ग' हे तीन डोलकाठ्यांचे स्वीडिश जहाज समुद्रात चालवायला सुमारे 80 माणसे लागतात आणि त्यांतली बहुसंख्य माणसे पेशाने खलाशी नसतात. कोणी शिक्षक असतो, कोणी परिचारिका असते, कोणी नुकताच निवृत्त झालेला सुतार असतो. ठरावीक रक्कम भरून सफरीच्या एका टप्प्यापुरती ही माणसे जहाजावर दाखल होतात आणि दोर ओढण्यापासून सुकाणू धरण्यापर्यंत, भांडी घासण्यापासून डोलकाठीवर चढून शिडे गुंडाळण्यापर्यंत सगळी कामे करतात. 1738 साली बांधलेले मूळ जहाज स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचे होते. चीनमधील कँटनहून चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी घेऊन येताना, अडीच वर्षांचा प्रवास जवळजवळ संपलेला असताना, 12 सप्टेंबर 1745 रोजी ते आपल्याच बंदराच्या तोंडाशी खडकावर चढून बुडाले. आजची प्रतिकृती 2003 साली पाण्यात उतरली, 2005 च्या ऑक्टोबरात त्याच जुन्या वाटेने चीनकडे निघाली आणि 2007 मध्ये परत आली. पुढे लिहिलेल्या गोष्टी मुख्यतः अशा चौकोनी शिडांच्या मोठ्या जहाजांना लागू पडतात. मी स्वतः अशाच एका जहाजावर शिकाऊ खलाशी म्हणून महासागर ओलांडला आहे आणि जाण्यापूर्वी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते असे जे वाटते, तेच येथे मांडते आहे.

अशी सफर मनात आली की बहुतेकांना पहिला प्रश्न पडतो तो उंचीचा. माझ्या अनुभवात तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. डोलकाठीवर चढणे ऐच्छिक असते, त्यासाठी सुरक्षा पट्टा असतो आणि शिकवायला माणूस असतो. मात्र रात्री दोन वाजता, पावसात, अर्धवट झोपेतून उठून, दीड-दोनशे सारख्या दिसणाऱ्या दोरांतून नेमका दोर हाताने ओळखता येणे हे कोणालाही टाळता येत नाही, आणि सगळी तयारी त्या क्षणाच्या दिशेने केली पाहिजे.

जहाज निवडताना

लाकडी प्रतिकृती ही दिसायला देखणी असली तरी सतत झिजणारी वस्तू आहे, हे पैसे भरण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. फ्रान्समधील 'लेर्मिऑन' हे अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात लढलेला फ्रेंच सेनानी लाफायेत याच्या जहाजाची प्रतिकृती असलेले जहाज 2015 साली अमेरिकेला जाऊन आले, आणि 2021 साली बायोनजवळच्या गोदीत नेल्यावर त्याच्या लाकडात बुरशीने फार खोलवर शिरकाव केल्याचे आढळले. त्यानंतर त्याच्या सफरी थांबल्या. म्हणून जहाज शेवटचे गोदीत केव्हा चढवले होते, सांध्यांतून रोज किती पाणी झिरपते, ते उपसायला किती पंप आहेत आणि मुख्य यंत्र बंद पडले तरी त्यांतला कोणता पंप चालतो, हे प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. चांगल्या जहाजाचे लोक अशा प्रश्नांनी दुखावत नाहीत, उलट तुम्हाला थेट तळघरात नेऊन दाखवतात. सफर रद्द झाली तर पैसे कसे परत मिळतात हेही त्याच वेळी लेखी घ्यावे.

याहून महत्त्वाचा प्रश्न हवामानाचा आहे. 1960 साली चित्रपटासाठी बांधलेली 'बाउंटी' या जहाजाची प्रतिकृती 2012 च्या ऑक्टोबरात सँडी चक्रीवादळ समुद्रात असताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून दक्षिणेला निघाली. आत पाणी भरत गेले, पंप पुरे पडले नाहीत आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या समुद्रात ती बुडाली. जहाजावरील 16 जणांपैकी 14 जणांना हेलिकॉप्टरने वाचवले, एका स्त्री खलाशाचा मृत्यू झाला आणि कप्तान सापडलाच नाही. या घटनेनंतर झालेली अधिकृत चौकशी उपलब्ध आहे आणि ती वाचल्याशिवाय कोणीही लांबच्या सफरीला जाऊ नये असे माझे ठाम मत आहे. वादळाचा मोसम सुरू असताना निघण्याचा निर्णय कोण घेतो, वेळापत्रक पाळण्यासाठी बंदर सोडले जाते की बंदर सोडण्याजोगे हवामान पाहून वेळापत्रक बदलले जाते, हे कप्तानाला विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. उत्तरात पुढच्या बंदरातल्या सोहळ्याच्या तारखेचाच उल्लेख वारंवार येत असेल तर दुसरे जहाज शोधावे.

आपल्याकडच्या वाचकांना 'तरंगिणी' आणि 'सुदर्शिनी' ही नावे आठवतील. दोन्ही जहाजे गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली आहेत आणि तरंगिणीने 2003-04 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. मात्र ती नौदलाची प्रशिक्षण जहाजे आहेत, प्रतिकृती नव्हेत. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात काथ्याने शिवून बांधलेले 'कौंडिण्य' खऱ्या अर्थाने प्रतिकृती आहे. ते 29 डिसेंबर 2025 रोजी पोरबंदरहून निघून जानेवारी 2026 मध्ये मस्कतला पोहोचले, पण तेही नौदलाच्या ताब्यात आहे. त्यामुळे सामान्य माणसाला पैसे भरून अशा सफरीत शिरायचे असेल तर आज तरी युरोप किंवा ऑस्ट्रेलियाकडेच पाहावे लागते.

पहिल्याच वेळी महासागर ओलांडणारा टप्पा घेऊ नये. आठवडाभराचा किनाऱ्याजवळचा टप्पा आधी करावा. बोट किती लागते, तुटक झोपेत स्वभाव कसा होतो आणि साठ-सत्तर माणसांत एकांत न मिळता राहता येते की नाही, या तिन्ही गोष्टींची उत्तरे त्या आठवड्यात मिळतात आणि नंतर निर्णय बदलायला वाव राहतो.

कागदपत्रे

भारतीय पासपोर्ट असलेल्याने सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. जहाजाच्या कागदांवर आपली नोंद खलाशी म्हणून होणार की प्रवासी म्हणून, यावर व्हिसाचा प्रकार, बंदरात उतरण्याची मुभा आणि विमा या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात. जहाजावर चढण्याचे बंदर एका देशात आणि उतरण्याचे दुसऱ्या देशात असेल तर दोन्हीकडचे व्हिसा हाती आल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये. वैद्यकीय प्रमाणपत्र बहुतेक जहाजे मागतात. ते मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून घेतले तर चालेल का, हे जहाजाच्या कार्यालयाला आधी विचारावे. शिकाऊ खलाशाला सहसा अभ्यासक्रमांची सक्ती नसते, तरी समुद्रात जीव वाचवणे, आग विझवणे आणि प्रथमोपचार यांचे जे मूलभूत प्रशिक्षण व्यापारी जहाजांवर जाणारे घेतात, ते करून गेलात तर लाटेत तराफ्यावर चढण्याचा अनुभव तरणतलावात तरी आलेला असतो. चालू असलेली औषधे आणि जुनी दुखणी लपवू नयेत. जमिनीपासून हजार मैलांवर ती लपवणे इतरांवर अन्याय करणारे ठरते.

शरीर आणि सामान

व्यायामशाळेत कमावलेल्या दंडांपेक्षा पकड, पाठ आणि गुडघे अधिक उपयोगी पडतात. निघण्यापूर्वी दोन-तीन महिने रोज लोंबकळण्याचा सराव करावा, जिने चढावेत आणि जमिनीवर उकिडवे बसून उठण्याची सवय ठेवावी. गाठी चारच शिकाव्यात, पण डोळे मिटून आणि पाठीमागे हात नेऊन बांधता येतील इतक्या पक्क्या शिकाव्यात. न सरकणारा फास म्हणजे बोलाइन, खुंटावर घालायची क्लोव्ह हिच, दोराच्या टोकाची आठाची गाठ, आणि एक पूर्ण वेढा देऊन मारलेले दोन अर्धे फास. बाकीच्या गाठी जहाजावर कोणीतरी आनंदाने शिकवते.

सामान मऊ पिशवीत न्यावे, कारण झोपायच्या टांगत्या झोळीखाली पेटी ठेवायला जागा नसते. लोकरीचे दोन थर, पूर्ण जलरोधक सदरा आणि विजार, न घसरणाऱ्या तळव्यांचे बूट, लाल उजेडाचा डोक्याला बांधायचा दिवा आणि कमरेला दोरीने बांधलेला चाकू इतके सामान मुख्य समजावे. दिवा लाल हवा, कारण पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेली शेजाऱ्याची दृष्टी कित्येक मिनिटांसाठी जाते. सुती जीन्स घेऊ नये, कारण एकदा खाऱ्या पाण्याने भिजली की ती वाळत नाही आणि मांड्या सोलते. चष्मा असेल तर त्याला दोरी आणि पिशवीत दुसरा चष्मा असावा. अंगठी घरी ठेवावी, कारण धावत्या दोरात अडकलेली अंगठी बोट घेऊन जाते. जहाजावर मिळणाऱ्या जेवणात मसाला बेताचाच असतो, म्हणून मी लिंबाच्या लोणच्याची एक घट्ट झाकणाची बरणी नेली होती. तिसऱ्या आठवड्यात ती साऱ्या पाळीची झाली होती.

दोर

जहाजावर पाऊल टाकल्यावर छायाचित्रे काढण्यात वेळ घालवू नये, पहिले दोन दिवस दोर शिकण्यात घालवावेत. प्रत्येक डोलकाठीला आडवी टांगलेली लाकडे असतात, त्यांना आपल्याकडे परबाण म्हणत. चौकोनी शीड या परबाणाला वरच्या कडेने बांधलेले असते. शीड उघडायचे म्हणजे त्याचे खालचे दोन कोपरे खालच्या परबाणाच्या टोकांकडे ओढायचे आणि हे काम 'शीट' नावाचा दोर करतो. शीड मिटायचे तेव्हा तेच कोपरे वर खेचणारी 'क्लूलाइन' आणि शिडाचे पोट वर उचलणारी 'बंटलाइन' ओढायची, आणि त्याच वेळी शीट सोडत जायचे. परबाण वर चढवणारा तो 'हॅलयार्ड', आणि वाऱ्याच्या दिशेनुसार परबाण आडवे फिरवणारा तो 'ब्रेस'. एवढी पाच नावे आणि त्यांची कामे समजली की निम्मे जहाज समजले, कारण खालचे शीड असो की वरचे, पुढची काठी असो की मधली, हीच मंडळी पुन्हा पुन्हा भेटतात.

नावांची यादी पाठ करून काही साधत नाही, कारण यादी कागदावर असते आणि दोर अंधारात असतो. त्याऐवजी एक शीड निवडावे, त्याच्या कोपऱ्यापासून नजरेने दोर धरावा, तो कोणत्या कप्पीतून वळतो, काठीच्या पुढून उतरतो की मागून, हे पाहत खाली खुंटीपर्यंत यावे. मग उलट, खुंटीपासून वर जावे. दोर कठड्याजवळच्या फळीत बसवलेल्या लाकडी खुंट्यांना आठाच्या आकड्यासारखे वेढे देऊन बांधलेले असतात आणि त्यांच्या क्रमाला अर्थ असतो. दोर ज्या शिडाचा, त्याची उंची आणि त्याची जागा त्या क्रमात उतरलेली असते. उजवीकडे जसा क्रम तसाच आरशातल्यासारखा डावीकडे असतो. हे कळल्यावर डोळे मिटून कठड्यावरून हात फिरवत चालावे आणि प्रत्येक खुंटीपाशी मनात नाव घ्यावे. मी रोज संध्याकाळी जेवणानंतर पंधरा मिनिटे हे करत असे.

हे करायला मी उशिरा सुरुवात केली आणि त्याची किंमत मोजली. सफरीच्या चौथ्या रात्री वाऱ्याचा झोत आला आणि एक वरचे शीड मिटायचा हुकूम झाला. मला बंटलाइनपाशी पाठवले होते. मी एक खुंटी उजवीकडे गेले, आठाचे वेढे उलगडले आणि शेवटचा वेढा काढताच दोर हातातून सुसाट धावू लागला, कारण तो बंटलाइन नव्हता, ताणलेला शीट होता. शेजारच्या अनुभवी बाईने मला खांद्याने बाजूला ढकलले आणि दोर परत खुंटीवर अडकवला. वर शिडाचा कोपरा तोफेसारखा आवाज करत फडफडत होता. माझ्या उजव्या तळव्याची कातडी दोन बोटांच्या रुंदीइतकी निघून गेली होती. कोणी रागावले नाही, पण पाळी संपल्यावर त्या बाईने मला परत त्या खुंटीपाशी नेले आणि अंधारात दोरावर हात ठेवून सांगितले, "आधी ताण पाहा. भार असलेला दोर दगडासारखा लागतो." त्यानंतर मी एकही दोर हाताने चाचपल्याशिवाय सोडला नाही. कोणताही दोर सोडताना शेवटचा वेढा खुंटीवरच ठेवावा, दोर बोटांनी नव्हे तर त्या वेढ्याच्या घर्षणाने आवरावा, आणि खात्री नसेल तर मोठ्याने विचारावे. थांबून विचारणाऱ्या खलाशाचा खोळंबा कोणालाही वाटत नाही.

दोर ओढताना ताल महत्त्वाचा असतो. हुकूम देणारा एक असतो, ऐकणाऱ्याने तो हुकूम मोठ्याने परत म्हणायचा असतो, म्हणजे वाऱ्यात काही चुकीचे ऐकू आले तर लगेच कळते. हात एकमेकांवर घालून, पाठ सरळ ठेवून, पायांच्या जोराने मागे झुकावे. दोर कधीही हाताला किंवा मनगटाला गुंडाळू नये, वेटोळ्याच्या आत उभे राहू नये आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत, तो तुटला तर जिथे झेपावेल तिथे, डोके ठेवू नये. काम झाल्यावर दोर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वेटोळून खुंटीवर टांगावा, म्हणजे पीळ बसत नाही आणि पुढच्या वेळी तो गुंतल्याशिवाय धावतो. सायंकाळी साऱ्या वेटोळ्यांवरून एकदा नजर फिरवणे हे चांगल्या पाळीचे लक्षण आहे.

डोलकाठीवर

गोटेबोर्गची मुख्य डोलकाठी 47 मीटर उंच आहे आणि सर्व शिडांचे क्षेत्रफळ 1,960 चौरस मीटरांच्या आसपास भरते. ही शिडे वर जाऊनच बांधावी लागतात. चढताना नेहमी वाऱ्याकडच्या बाजूने चढावे, म्हणजे जहाज कलल्यामुळे चढण कमी उभी होते आणि वारा तुम्हाला दोरांच्या शिडीवर दाबून ठेवतो. हात उभ्या जाड दोरांना धरावेत, आडव्या पायऱ्यांना कधीही धरू नयेत, कारण आडवी पायरी तुटू शकते पण उभा दोर डोलकाठीलाच तोलून धरणारा असतो. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन ठिकाणी आधार असेल तेव्हाच चौथे हलवावे. खिसे निघण्यापूर्वी रिकामे करावेत. वरून पडलेले पेन खालच्या माणसाचे डोके फोडू शकते, म्हणून काहीही निसटले तर तत्काळ ओरडून इशारा द्यावा.

पहिला टप्पा संपताना डोलकाठीवरच्या चौथऱ्याखाली काही फूट चढण बाहेरच्या बाजूला झुकते आणि पाठ समुद्राकडे होते. नवा माणूस अडतो तो येथेच. घाई करू नये, दोन्ही हात वरच्या दोरांवर पक्के बसल्यावर पाय उचलावेत आणि खाली पाहण्याऐवजी चौथऱ्याच्या कडेकडे पाहावे. पहिल्यांदा बंदरात, नांगर टाकलेला असताना चढावे, मग शांत समुद्रात, मग लाटेत. न जमल्यास खाली उतरून यावे. डेकवर दोर धरणाऱ्या माणसाशिवाय वरच्या माणसाला काहीच करता येत नाही.

परबाणावर काम करताना पाय खाली लोंबणाऱ्या एका दोरावर असतात आणि पोट लाकडावर टेकलेले असते. या दोरावर दुसऱ्याने पाय ठेवला की तो एकदम ताणला जाऊन तुम्ही वर उचलले जाता, म्हणून पाय ठेवण्यापूर्वी "येतेय" असे मोठ्याने सांगायचे आणि दुसऱ्याने होकार दिल्यावरच उतरायचे. पट्ट्याचा आकडा अडकवल्यावर तो स्वतः ओढून पाहावा. शीड गुंडाळताना कापड मुठीत भरून वर ओढायचे, पोटाखाली दाबून धरायचे आणि पुन्हा ओढायचे असते. ओले कॅनव्हास गोठलेल्या चामड्यासारखे कडक होते आणि नखे उलटवते, म्हणून नखे आधीच बारीक कापलेली असावीत.

पाळी, सुकाणू आणि झोप

बहुतेक जहाजांवर माणसांचे तीन गट असतात, चार तास काम आणि आठ तास सुटी असा क्रम दिवसातून दोनदा येतो. बारा ते चारची पाळी शरीराला सर्वांत जड जाते. चार ते आठच्या पाळीला सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही लाभतात. सुटीचे आठ तास म्हणजे आठ तासांची झोप असे समजू नये. त्यात जेवण, अंघोळ, डागडुजी, आणि सगळ्यांना वर बोलावले तर शिडांचे काम, हे सारे येते. झोप दोन तुकड्यांत घ्यावी लागते आणि तसे जमवणे हे शिकून घेण्याचे कौशल्य आहे. अठराव्या शतकातील ब्रिटिश नौदलात एका झोळीला 14 इंच रुंदी मिळे. आज थोडी अधिक मिळते, तरी जहाज झुलताना शेजारच्याचा खांदा लागतोच. कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी आणि उद्या लागणारे कपडे चढवण्याच्या क्रमाने घडी करून पायाशी, ही तयारी झोपण्यापूर्वी करावी. पाळीला उठवणारा बाहेर पाऊस आहे की नाही, थंडी किती आहे आणि किती मिनिटे उरली आहेत हे हळू आवाजात सांगून जातो. आपली वेळ आली की आपणही इतकेच व्यवस्थित उठवावे. पाच मिनिटे उशिरा डेकवर येणाऱ्यामुळे थकलेला माणूस पाच मिनिटे जास्त भिजत राहतो, आणि ही गोष्ट जहाजावर कोणी विसरत नाही.

पाळीत एकेक तास टेहळणी, सुकाणू आणि फेरी यांचे काम फिरते असते. फेरीवाल्याने तळात जाऊन पाणी किती साचले ते पाहायचे, भटारखान्यात आग किंवा धुराचा वास येत नाही ना हे तपासायचे आणि नोंद करायची. लाकडी जहाजावर याहून महत्त्वाचे काम नाही. सुकाणू धरताना नवशिका होकायंत्राच्या काट्यामागे धावतो आणि जहाज नागमोडी जाऊ लागते. इतके जड जहाज चक्र फिरवल्यावर काही क्षणांनी वळायला लागते आणि एकदा वळू लागले की थांबायलाही तितकाच वेळ घेते. म्हणून वळण सुरू झाल्याबरोबर ते थांबवण्यासाठी चक्र थोडे उलट आणावे, आणि दूरचा ढग किंवा तारा डोलकाठीच्या शेजारी धरून त्यावर चालवावे. चौकोनी शिडांचे जहाज वाऱ्याच्या दिशेच्या साधारण साठ-सत्तर अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नाही. त्याहून जवळ नेल्यास वारा शिडांच्या पुढच्या बाजूने लागून ती डोलकाठीवर उलटी दाबली जातात आणि मोठा धोका निर्माण होतो. सुकाणू सोडताना पुढच्या माणसाला दिशा सांगायची, त्याने ती परत म्हणायची आणि मगच हात काढायचा.

कोणी पाण्यात पडले असे दिसले तर ओरडावे, हाताशी असलेली तरंगणारी वस्तू फेकावी आणि मग फक्त बोट दाखवत उभे राहावे. नजर क्षणभरही हलवू नये. लाटांत माणसाचे डोके नारळाएवढे दिसते आणि एकदा हरवले की परत सापडणे फार अवघड असते.

बोट लागणे आणि पाणी

बोट लागणे ही लाज वाटण्याजोगी गोष्ट नाही, पण ती लपवणे धोक्याचे आहे. औषध घ्यायचे असेल तर बंदर सोडण्यापूर्वी काही तास घ्यावे, उलट्या सुरू झाल्यावर ते पोटात टिकत नाही. पहिले तीन दिवस डेकवर, क्षितिजाकडे तोंड करून राहावे, सुंठेचा तुकडा चघळावा, कोरडी बिस्किटे थोडी थोडी खावीत आणि पाण्याचे घोट घेत राहावे. उलटी नेहमी वाऱ्याआडच्या बाजूला करावी आणि कठड्याशी जाताना पट्टा अडकवावा. सुकाणू हातात घेतल्याने पुष्कळांना बरे वाटते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेकांची भूक परत येते. गोडे पाणी मोजून वापरावे लागते. खाऱ्या पाण्याने धुतलेले अंग वाळल्यावर कपडे घासून फोड येतात, ते कोरडे ठेवावेत आणि लहान असतानाच जहाजावरच्या डॉक्टरला दाखवावेत.

वारा नसतो तेव्हा

लांबच्या सफरीची खरी कसोटी वादळापेक्षा मंद वाऱ्यात लागते. जहाज सरासरी 5 नॉट, म्हणजे तासाला 5 सागरी मैल, वेगाने चालले तर दिवसाला 120 सागरी मैल जाते. याचा अर्थ केप टाउनपासून पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटलपर्यंतचे सुमारे पाच हजार सागरी मैल ओलांडायला सुमारे बेचाळीस दिवस लागतात. 2005 साली चीनला निघालेले गोटेबोर्ग आधी ब्राझीलमधील रेसिफेला गेले, हे नकाशावर उलटे वाटते. पण व्यापारी वाऱ्यांचा उपयोग करून घ्यायचा तर अटलांटिकच्या त्या बाजूला जाऊन मग दक्षिणेतल्या पश्चिमी वाऱ्यांवर केपकडे वळणे हीच जुनी आणि सोयीची वाट आहे. विषुववृत्ताजवळच्या शांत पट्ट्यात शिडे मरगळून लटकतात, परबाणे कुरकुरतात आणि उकाड्याने माणसांचे पित्त खवळते. या दिवसांत बोसन, म्हणजे दोर-शिडांची देखभाल आणि खलाशांची कामे पाहणारा मुकादम, ज्याला आपल्या कोकणी खलाशांनी पिढ्यान् पिढ्या सारंग म्हटले, तो सगळ्यांना कामाला लावतो. घासणाऱ्या जागी जुन्या दोरांच्या तंतूंचे गुच्छ बांधणे, दोरांना डांबर लावणे, शिडे शिवणे आणि डेक रोज खाऱ्या पाण्याने धुणे ही कामे वेळ घालवण्यासाठी दिलेली नसतात. डेक कोरडे पडले तर फळ्या आकसून सांधे उघडतात आणि पुढच्या पावसात खालच्या झोळ्या भिजतात. भांडण झाले तर ते पुढच्या पाळीपर्यंत नेऊ नये, कारण त्याच माणसाचा हात तुम्हाला परबाणावर लागणार असतो. वही ठेवावी आणि त्यात भावनांबरोबर वारा, दिशा, त्या दिवशी वापरलेले दोर आणि केलेल्या चुका लिहाव्यात.

उतरताना

शेवटच्या बंदरात पोहोचल्यावर आपला पट्टा, त्यावरची झीज दाखवून, बोसनच्या हाती द्यावा. झोळी धुवून, वाळवून, दोर सरळ करून परत करावी. पुढच्या टप्प्याला येणारा नवा माणूस भेटला तर त्याला कठड्यापाशी नेऊन एका शिडाचे दोर वरपासून खालपर्यंत दाखवावेत. आणि जहाज सोडण्याआधी कप्तानाकडून समुद्रातले दिवस, कापलेले मैल आणि केलेली कामे लिहिलेले पत्र सही-शिक्क्यासह घ्यावे, कारण पुढच्या जहाजाच्या अर्जात त्या पत्राचा उपयोग होतो.